मोबाइल बोलतो, पण शिकवतो कोण?

 

आज बोलू या शिकण्या-शिकवण्याबद्दल. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "आपण काय शाळेतल्या मॅडम आहोत का?" पण जरा आठवून पाहा. नवी सचिव हिशेबाची वही लिहायला जुन्या सचिवेकडूनच शिकते. सून लोणच्याचं प्रमाण सासूकडून शिकते. दशसूत्री म्हणजे काय, हे नव्या गटाला जुन्या गटातली बाई समजावून सांगते. आपण सगळ्या जणी शिकवतच असतो. आता त्यात मोबाइल आला आहे.

पूर्वी प्रशिक्षण म्हटलं की तालुक्याला जावं लागे. एका दिवसाची मजुरी बुडे, घरच्यांचं तोंड पाहावं लागे. आता माहितीचे व्हिडिओ थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. बियाणं कसं तपासायचं, कर्जाचा अर्ज कसा भरायचा, बाळाला वरचं काय खाऊ घालायचं, सगळं येतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण बैठकीत विचारा, "व्हिडिओ पाहिला का?" सगळ्या म्हणतात, "हो, पाहिला." मग विचारा, "सोयाबीनच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची, कोणी करून दाखवता का?" की सगळ्या एकमेकींकडे पाहू लागतात.

यात बायांचा दोष नाही, आणि व्हिडिओही वाईट नसतो. पाहणं आणि शिकणं यांच्यामध्ये काही पायऱ्या असतात, त्या कोणी बांधलेल्याच नसतात. त्या पायऱ्या कशा बांधायच्या, ते आज पाहू.

पुण्याच्या रेडिओचा जुना धडा

१९५६ साली मोबाइल तर नव्हताच, पण पुष्कळ गावांत रेडिओसुद्धा नव्हता. त्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात ऐकणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट केला आणि गटाला एक सूत्रचालक दिला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, विषय शेतीचे आणि गावाच्या प्रश्नांचे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

त्यात एक नियम होता. रेडिओ बंद झाला की उठून घरी जायचं नाही. जे ऐकलं त्यावर गटाने बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का, खर्च किती येईल, अडचण कोणती, ते ठरवायचं. जी शंका सुटणार नाही ती केंद्राला कळवायची, आणि तिचं उत्तर पुढे रेडिओवर मिळायचं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. त्यांनी तीन प्रकारची गावं पाहिली. पहिल्या प्रकारात रेडिओ होता आणि ऐकणारा गटही होता. दुसऱ्यात रेडिओ होता, पण गट नव्हता. तिसऱ्यात दोन्ही नव्हतं. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेली गावं मात्र त्यांच्या मानाने खूप मागे राहिली. आवाज दोन्हीकडे तोच होता, वक्ते तेच होते. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने.

ही कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे रेडिओ गट चालत. त्यांचं ब्रीद होतं, वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा. आपल्या बचत गटाकडे पाहा. ठरलेला दिवस आहे, ठरलेली जागा आहे, गोल करून बसायची सवय आहे. पुणे केंद्राला जे गट नव्याने उभे करावे लागले, ते आपल्याकडे तयारच आहेत.

नागपूरने २०२० मध्ये काय केलं?

आता आपल्या भागाची गोष्ट. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. शहरातल्या मुलांचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. आपल्याकडे मात्र एका घरात एक मोबाइल, तोही घरधन्यासोबत कामावर गेलेला. अशा वेळी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. नागपूर विभागाचं प्रशासन आणि प्रथम ही संस्था यांनी मिळून तो चालवला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी कार्यक्रम लागायचा. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी मुलांना जवळ बसवून तो ऐकला असेल.

त्याची रचना पाहण्यासारखी होती. पाठ छोटा होता. घरात सापडणाऱ्या वस्तूंनी करायच्या कृती होत्या. ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांना अभ्यासाचे संदेशही जात. म्हणजे रेडिओने सुरुवात करून द्यायची आणि पुढचं काम आई, आजी किंवा मोठ्या बहिणीने मुलाबरोबर करायचं.

त्याच वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलची 'टिलीमिली' ही मालिका लागली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती होती, आणि तिचाही भर घरी, परिसरात करून पाहण्यावर होता. पुढे २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झालं. त्यात वस्तीवस्तीत मातांचे गट केले. मोबाइलवर कृतीची माहिती यायची, माता एकत्र बसून ती समजून घ्यायच्या आणि घरी मुलांकडून करून घ्यायच्या.

पुण्याचे शेतकरी, नागपूरची मुलं आणि वस्तीवरच्या माता, तिन्हीकडे साधन वेगळं होतं. पण तिन्हीकडे साधनाच्या शेजारी एक माणूस बसवलेला होता आणि नंतर काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. आपल्या बैठकीत त्या माणसाची जागा आपली आहे.

शेवटाकडून सुरुवात करा

कोणताही विषय शिकवायचा असेल, तर आधी व्हिडिओ शोधायला बसू नका. आधी स्वतःला विचारा, "शिकून झाल्यावर ही बाई एकटीने काय करू शकली पाहिजे?" उत्तर एका वाक्यात, आणि डोळ्यांना दिसेल असं हवं. "तिला बियाण्याची माहिती झाली पाहिजे" हे चालणार नाही, कारण माहिती झाली की नाही हे दिसत नाही. "पेरणीआधी घरचं सोयाबीन तपासून, पेरायचं की नाही हे ती सांगू शकली पाहिजे" हे चालेल.

वाक्य ठरलं की बाकीचं आपोआप सुचतं. सोयाबीनचंच उदाहरण घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यातली बैठक धरा. आधी पाच मिनिटं बायांना विचारा, "तुम्ही बियाणं कसं पारखता?" कोणी दाताखाली धरून पाहते, कोणी पाण्यात टाकते. ते सगळं ऐकून घ्या. शिकणारी बाई कोरी पाटी नसते. तिच्या अनुभवाला धरून सांगितलं तरच नवं टिकतं.

मग व्हिडिओ लावा, पण दोन-तीन मिनिटांचाच. मोठा असेल तर तुकडे करा. एक तुकडा दाखवला की थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय करायचं?" नंतर मोबाइल बाजूला ठेवा आणि गोणपाट काढा. गोणपाट भिजवून त्यावर शंभर दाणे ओळीने मांडा. सुरळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवायला सांगा. सुरळी एकीने घरी न्यायची आणि पुढच्या बैठकीला आणायची. आठवड्याने ती सगळ्यांसमोर उघडा आणि चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरण्यासारखं आहे. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं की बियाणंच बदलायचं, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारायचं. दुबार पेरणीचा खर्च आपल्याला वेगळा सांगायला नको. तो वाचला की हा पाठ पावला.

या पूर्ण पाठात व्हिडिओ फार तर तीन मिनिटं चालला. बाकी सगळा वेळ बोलणं आणि हाताचं काम होतं. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीमचा विचार मांडला. हाताने काम करता करता शिकायचं, हेच त्याचं मूळ होतं. मोबाइल आल्यामुळे ते जुनं झालेलं नाही.

जिच्या खात्यात पैसे, तिच्याच हातात फोन

आता थोडा नाजूक विषय. २०२४ च्या जुलैपासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये थेट बायांच्या खात्यात येऊ लागले. रोजगार हमीची मजुरीही खात्यातच येते. खातं बाईच्या नावाचं असतं. पण पैसे आल्याचा मेसेज कोण वाचतं? पिन कोणाला पाठ आहे? विचारलं तर पुष्कळ जणी सांगतात, "मले नाही जमत वो बाई, पोरगाच करते सारं."

पोरगा गुणाचा असेल तर प्रश्न नाही. पण पोरगा घरी नसताना फोनवर कोणी गोड बोलून म्हणालं, "ताई, तुमचे योजनेचे पैसे अडकलेत, पिन टाका म्हणजे सुटतील," तर त्या बाईने काय करायचं? जिला कधी करूच दिलं नाही, तिला खरं-खोटं ओळखता कसं येणार?

देशपातळीवरचं चित्रही पाहा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया १०० पैकी ५४ होत्या. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया १०० पैकी ३३ होत्या. म्हणजे आपल्या बैठकीतही काहींकडे मोठा मोबाइल असणार, काहींकडे बटणांचा आणि काहींकडे कोणताच नाही, हे धरूनच पाठ आखायला हवा.

मग हा पाठ कसा घ्यायचा? आधी शेवटाचं वाक्य ठरवू. "पैसे पाठवायला पिन लागतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे प्रत्येकीला स्वतः अनुभवून कळलं पाहिजे." एवढंच. एका बैठकीत एकच गोष्ट.

पहिल्यांदा खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोबाइलचा पडदा काढा. रक्कम कुठे लिहायची, नाव कुठे दिसतं, पिन कुठे टाकायचा, ते मोठ्या अक्षरात दाखवा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाही या पुठ्ठ्यावर बोट फिरवता येतं, आणि चुकलं तरी पैसे जात नाहीत. "बोट नको लावू, बिघडन" असं ज्यांनी घरात दहा वेळा ऐकलं आहे, त्यांची भीती इथेच कमी होते.

मग ज्या तीन-चार जणींच्या मोबाइलवर यूपीआय सुरू आहे, त्यांना गोलात बसवा. बाकीच्या त्यांच्या जोडीला. पहिलीने दुसरीला एक रुपया पाठवायचा. पाठवण्याआधी पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं. पिन टाकताना शेजारणीने मान दुसरीकडे करायची, हाही पाठाचाच भाग. रुपया पोचला की दुसरीला विचारा, "तू पिन टाकला का?" ती म्हणेल, "नाही, मी तर काहीच नाही केलं, आपसूकच आला." मग दुसरीने तिसरीला पाठवायचा, तिसरीने चौथीला, आणि चौथीने पुन्हा पहिलीला. रुपया फिरून जागेवर येतो. कोणाचा एक पैसाही जात नाही, पण नियम सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. पुढे कोणी फोनवर म्हणालं, "पैसे घ्यायला पिन टाका," तर हा फिरलेला रुपया तिला आठवेल.

बटणांचा मोबाइल असणाऱ्यांसाठी दुसरा पाठ. बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो. तुमच्याच गटातल्या कोणाला आलेला खरा मेसेज घ्या, खाते क्रमांक झाका, आणि तो मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा. त्यातले दोनच शब्द ओळखायला शिकवा. क्रेडिट म्हणजे पैसे आले, डेबिट म्हणजे पैसे गेले. क्रेडिटचं पहिलं अक्षर चंद्रकोरीसारखं दिसतं, तेवढी खूण पुरते. मग प्रत्येकीने आपल्या मोबाइलमधला एक मेसेज काढून आले की गेले ते सांगायचं. जिला वाचता येत नाही, तीसुद्धा हे करू शकते.

आणि एक आकडा सगळ्यांकडून पाठ करून घ्या. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवण्याची आशा जास्त. हा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

शिकवणारीचे हात पाठीमागे

मोबाइल शिकवताना एक गोष्ट हमखास घडते. शिकणारी बाई चाचपडते, शिकवणारीला घाई होते, ती मोबाइल हातातून घेते, झटझट चार ठिकाणी बोट लावते आणि म्हणते, "हे पाहा, झालं." काम होतं, पण बाई होती तिथेच राहते. म्हणून माझ्या बैठकांत एक नियम असतो. शिकवणारीने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचं. बोट शिकणारीचंच चालेल. वेळ लागला तर लागू द्या. घरी सून सासूला शिकवत असेल, लेक आईला शिकवत असेल, तर त्यांनाही हा नियम सांगा. पोरांना तो गमतीचा वाटतो आणि ती पाळतातही.

लाजेचाही विचार करा. सगळ्यांसमोर चुकायला बायांना नको वाटतं. म्हणून आधी दोघी-दोघींच्या जोड्या करा. एक थोडं जाणणारी, एक नवी. चूक झाली की हसू नका. "हे बरं झालं, आता परत कसं यायचं ते सगळ्याच शिकू," असं म्हणा. चुकीच्या पानावरून मागे येणं हासुद्धा मोबाइलचा एक महत्त्वाचा धडा आहे.

साधन निवडताना गटाकडे पाहा, साधनाच्या चकचकाटाकडे नको. वाचता न येणाऱ्या जास्त असतील तर लिहिलेल्या लांब संदेशापेक्षा आपल्या बोलीतला एक मिनिटाचा आवाजी संदेश बरा. गावात रेंज येत नसेल तर जिथे येते तिथून व्हिडिओ आधीच उतरवून आणा. मोबाइलचा आवाज पंधरा जणींना पुरत नाही, तेव्हा छोटा स्पीकर आणा, नाही तर पाच-पाच जणींचे तीन गोल करा. मुलांच्या अभ्यासासाठी बालभारतीच्या पुस्तकांतली चौकोनी क्यूआर खूण स्कॅन केली की दीक्षा अ‍ॅपवर धड्याचं साहित्य उघडतं. पण तिथेही मूल एकटं सोडू नका. पाहून झाल्यावर त्याला म्हणा, "आता मला समजावून सांग." आईला त्यातलं काही येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि समजावून सांगता सांगता मुलाचं स्वतःचंच पक्कं होतं.

आठ दिवसांनी पुन्हा विचारा

शेवटची पायरी सगळ्यात जास्त राहून जाते. पाठ झाला, फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, संपलं. फोटोत दिसते ती हजेरी. शिकलं की नाही, ते आठ दिवसांनी कळतं. म्हणून पुढच्या बैठकीत, बचत गोळा करण्याआधी, पाच मिनिटं राखून ठेवा. चिठ्ठी काढून दोन जणींना मागच्या वेळचं करून दाखवायला सांगा. जमलं तर टाळ्या. नाही जमलं तर आपला पाठ कुठे कमी पडला ते पाहा. महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा. कोण काय करून दाखवू शकली, याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत ठेवा. "मोबाइल प्रशिक्षण झाले, उपस्थिती १२" यापेक्षा "आठ जणींनी मेसेज ओळखून दाखवला, चौघींचं बाकी" ही नोंद पुढच्या बैठकीत कामी येते, कारण त्या चौघींकडे लक्ष द्यायचं हे त्यातून कळतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. तुमच्या गटाने एकच विषय निवडायचा. बैठकीत ठरवायचं की शिकून झाल्यावर प्रत्येकीला काय करता आलं पाहिजे, आणि ते एका वाक्यात वहीत लिहायचं. मग व्हिडिओ, आवाजी संदेश, पुठ्ठा किंवा हा रेडिओ, जे जवळ असेल ते घ्यायचं. थोडं दाखवायचं, बोलायचं, प्रत्येकीच्या हाताने करून घ्यायचं आणि आठ दिवसांनी तपासायचं.

आजचं हे बोलणंही त्याला अपवाद नाही. रेडिओ बंद केल्यावर शेजारणीला विचारा, "यातलं आपल्या गटात काय करता येईल?" एक रुपया कोणाकोणाकडे फिरला, कोणती अडचण आली, ते आम्हाला कळवा. तुमच्या शंकांवर पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत नमस्कार.